क्लिमेंती लुकिचची चार मिनिटं

लेनिनग्राडच्या फिल्म स्टुडिओत मी लागले तेव्हा वीस वर्षांची होते. वाटलं होतं, सुंदर नट्यांचे ओठ रंगवायला मिळतील. माझ्या वाट्याला आल्या दाढ्या. सरदारांच्या दाढ्या, पाद्र्यांच्या दाढ्या, बंडखोरांच्या दाढ्या, आणि या सगळ्यांना फाशी देणाऱ्याची दाढी. कारण एकच माणूस: क्लिमेंती लुकिच शुबिन. आता पुस्तकांत त्यांच्या नावामागे ‘ऐतिहासिक चित्रपटांचे थोर दिग्दर्शक’ असं छापतात. त्यांनी ते वाचलं असतं तर हा दुसरा कोणी शुबिन असेल म्हणून पान उलटलं असतं.

इतिहासात ते शाळेत दोनदा नापास झालेले. हे त्यांनी मला स्वतः सांगितलं, आणि सांगताना मान वर होती. वोलोग्दाकडच्या एका गावात वडील सार्वजनिक न्हाणीघराची भट्टी पेटवायचे. मुलगा युद्धानंतर मॉस्कोला सिनेमाच्या कॉलेजात गेला, तिथून आमच्याकडे सहायक म्हणून आला, आणि सात वर्षं मोठ्या दिग्दर्शकांच्या मागे खुर्ची घेऊन फिरला. एकसष्ट साली उत्तरेतला किल्ला बांधण्यावरचा एक भव्य चित्रपट सुरू होता. तिसऱ्याच आठवड्यात त्याचे दिग्दर्शक किल्ल्यावरून पडले. किल्ला पुठ्ठ्याचा, पण पाय खरा मोडला. चारशे सैनिक भालाईतांच्या वेशात बर्फात उभे, आणि हुकूम द्यायला कोणी नाही. क्लिमेंती लुकिच हातातली खुर्ची खाली ठेवून तिच्यावर चढले आणि ओरडले, “पोरांनो, आधी जेवून घ्या!”

तिथून त्यांची कारकीर्द सुरू झाली. पोटभर जेवलेले चारशे सैनिक त्या दुपारी असे लढले, की ते दृश्य बघून वरची मंडळी खूश झाली आणि पुढचा चित्रपट त्यांनाच दिला. तोही इतिहासाचा. त्यानंतरचाही. एकदा माणसावर शिक्का बसला की बसला. कोणाला झार हवा असला की म्हणायचे, शुबिनला बोलवा.

त्यांचं खरं कसब मात्र वेगळंच होतं. वरून काहीही सूचना आली की ते मान डोलवून म्हणायचे, “विचार करू.” आणि विचार न करता ते दृश्य काढून टाकायचे. पहिल्या चित्रपटातून एक पाद्री काढला. दुसऱ्यातून अख्खी नदीवरची लढाई काढली, कारण आमच्या बाजूचे लोक त्यात फार ओले दिसत होते. तिसऱ्यात नायक सरदाराला दोन बायका होत्या, त्यांतली एक काढली. कोणती ते चिठ्ठीवर ठरवलं. भांडण नाही, तक्रार नाही. स्टुडिओत त्यांना मागून ‘न्हावी’ म्हणायचे. त्यांना ते माहीत होतं.

“रिम्मा,” ते मला म्हणायचे, “केस परत वाढतात. डोकं कापलं की पंचाईत.”

त्यांचा झार म्हणजे आर्तेमी ग्लुशकोव. आर्तेमीचा आवाज घुमटातून आल्यासारखा, नाक सरळ, आणि प्यायची सवय अशी की सकाळी दाढी चिकटवताना मी श्वास रोखून धरायचे. डिंकाचा वास आणि आर्तेमीचा वास एकत्र झाला तर पेट घ्यायची भीती. पण कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की मेला असा दिसायचा, जसं काही जन्मापासून लोक त्याच्या पाया पडत आलेत.

त्र्याहत्तर साली चौथा चित्रपट आला, ‘झारचं आजारपण’. तरुणपणी खंगून मेलेल्या एका झारची गोष्ट. क्लिमेंती लुकिचनी पटकथा वाचली आणि म्हणाले, “चला, निदान हा लढायला तरी जात नाही.” रंगभूषेचे नमुने म्हणून आर्तेमीचे फोटो वर पाठवले. आठवड्याने ते परत आले. प्रत्येक फोटोत भुवयांभोवती लाल गोल.

क्लिमेंती लुकिच फोटो घेऊन रंगपटात आले. “रिम्मा, या भुवया कोणाच्या आहेत?”

“आर्तेमीच्या. आईकडून आलेल्या.”

“आणखी कोणाच्या दिसतात?”

मी बघितलं आणि फोटो पालथा घातला. त्या काळात देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या तशाच दाट भुवया रोज वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर असायच्या. आणि आमचा झार तर पहिल्या रिळापासून मरणपंथाला लागलेला!

“विचार करू?” मी विचारलं.

“विचार नको, चिमटा घे.”

आर्तेमी अडीच तास शिव्या देत होता. शेवटी त्याच्या भुवया एखाद्या लाजऱ्या मुलीसारख्या झाल्या, आणि वरून मंजुरी आली.

खरी गोष्ट घडली ती शूटिंगच्या शेवटच्या आठवड्यात. झारच्या मृत्यूचं दृश्य होतं. पलंग, समया, पंधरा सरदार, पंधरा दाढ्या. फेब्रुवारीचा महिना आणि स्टुडिओच्या गरम पाण्याच्या नळ्या सकाळीच बंद पडलेल्या. पटकथेप्रमाणे झारने उठून बसायचं, पाय खाली सोडायचे, लाल बूट घालायचे, आणि उभं राहून रशियाच्या भवितव्यावर दीड पानाचं भाषण करून कोसळायचं. पण ते लाल बूट आदल्या दिवशी कपडेपटाने शेजारच्या मंचावरच्या दुसऱ्या झारला दिले होते, आणि हे कोणीच कोणाला सांगितलं नव्हतं.

कॅमेरा सुरू झाला. आर्तेमी उठून बसला. आदल्या रात्रीची उतरलेली नव्हती, डोळे तांबारलेले. त्याने उघडे पाय खाली सोडले, ते थंडगार फरशीला टेकले, आणि तो दचकला. खाली वाकून बघतो तर बूट नाहीत. त्याने मान वर केली आणि अगदी लहान आवाजात, घुमटातल्या नाही, विचारलं, “माझे बूट कुठे आहेत?”

पंधरा सरदारांपैकी बारा जण शेजारच्या ट्रॅक्टर कारखान्यातले कामगार होते. हे पटकथेत आहे की नाही, त्यांना काय ठाऊक? त्यांतला एक म्हातारा हळूच वाकला आणि पलंगाखाली बघायला लागला. मग दुसरा पेटीमागे बघायला गेला. मग सगळेच. जाड जाड अंगरख्यांतली, कमरेपर्यंत दाढ्या असलेली माणसं गुडघ्यांवर रांगत बूट शोधतायत, आणि मध्ये पलंगावर तो माणूस बसलाय.

“इथेच होते,” आर्तेमी म्हणाला. “मला जायचंय. बूट द्या ना कोणीतरी.” आणि तो रडायला लागला. अंगातली दारू रडत होती की थंडी, देव जाणे. माझे दोन्ही हात तोंडावर गेले होते.

मी क्लिमेंती लुकिचकडे बघितलं. एरवी ते चुकलेलं दृश्य तिसऱ्या सेकंदाला थांबवायचे. आज ते खुर्चीच्या दांड्यांना धरून बसले होते, आणि कॅमेरामनने मागे वळून बघितलं तर त्यांनी बोटानेच खूण केली: चालू दे. रीळ संपेपर्यंत चालू दिलं. चार मिनिटं. शेवटी आर्तेमी कुशीवर वळला आणि त्याने पाय पोटाशी घेतले. रशियाच्या भवितव्यावर एक शब्द नाही.

“पुन्हा घ्यायचं ना?” आर्तेमीने पांघरुणातून विचारलं. “बूट आणा रे कोणीतरी खरंच, पाय मेले माझे.”

“नाही घ्यायचं,” क्लिमेंती लुकिच म्हणाले. “घरी जा सगळे.”

मी रंगपटात सरदारांच्या दाढ्या उतरवून त्या जाळीवर पसरत होते. सगळे गेल्यावर ते आत आले, आर्तेमीच्या खुर्चीत बसले आणि आरशात बघत राहिले. मला वाटलं, काही लावून हवंय की काय.

“माझे वडील चव्वेचाळीस साली आघाडीवरून घरी आले,” ते म्हणाले. “फुप्फुसात लोखंड घेऊन. मार्चमध्ये गेले. शेवटच्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, माझे बूट कुठेत, न्हाणीघर पेटवायची वेळ झाली. लोकरीचे जाड बूट होते त्यांचे. आईने ते आठवड्याआधीच बटाट्यांच्या बदल्यात देऊन टाकले होते. त्यांना कोण सांगणार? मग आम्ही शोधायला लागलो. मी, आई, दोन्ही बहिणी. पलंगाखाली, चुलीमागे. तासभर शोधत होतो. नसलेले बूट. ते आम्हाला सांगत होते, अरे तिकडे बघा, अरे दारामागे बघा.”

मी एक दाढी विंचरायला घेतली.

“आज त्या ट्रॅक्टरवाल्यांना कोणी सांगितलं गं?” ते म्हणाले. “मी तर कोणालाच सांगितलं नव्हतं. नोन्नालासुद्धा नाही.” नोन्ना म्हणजे त्यांची बायको.

चित्रपट पूर्ण झाला. एकशे चाळीस मिनिटं. वरून बघायला कॉम्रेड झाव्यालोव आले. हा गृहस्थ दिसायला साधा, बोलायला मऊ, आणि त्याच्या वहीला सगळा स्टुडिओ टरकायचा. खेळ संपला, दिवे लागले. आम्हा विभागांच्या लोकांना मागच्या रांगेत बसवलं होतं, त्यामुळे पुढचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

“एकंदरीत ठीक,” झाव्यालोव म्हणाले. “सरदारांच्या सभा उत्तम. दोन्ही. पण ते बूट.”

“बुटांचं काय?” क्लिमेंती लुकिचनी विचारलं.

“कुठे गेले ते? शेवटपर्यंत कळत नाही. कोणी चोरले?”

“नाही चोरले. नाहीयेत.”

“नाहीयेत म्हणजे? झारला बूट नाहीत?” झाव्यालोवनी चष्मा काढला. “क्लिमेंती लुकिच, आपण मोठी माणसं आहोत. बाहेर लोक हिवाळ्याच्या बुटांसाठी रांगेत उभे आहेत. आणि पडद्यावर एक माणूस चार मिनिटं रडतोय की बूट नाहीत, आणि सगळं सरकार गुडघ्यांवर रांगत शोधतंय, आणि सापडत नाहीत. प्रेक्षक काय समजेल?”

मागच्या रांगेत कोणाला तरी खोकला आला. खरं सांगायचं तर तोपर्यंत हा अर्थ आमच्या कोणाच्या डोक्यातही आला नव्हता. झाव्यालोव गेल्यावर मात्र सगळ्या शहराला कळला.

“तेवढं काढा,” झाव्यालोव म्हणाले. “दीड पानाचं भाषण पटकथेत आहे, ते घ्या.”

आम्ही सगळे ‘विचार करू’ची वाट बघत होतो. मी तर ओठ हलवलेही असतील. क्लिमेंती लुकिचनी गुडघ्यावरची टोपी उचलली. मग म्हणाले, “नाही.”

“काय नाही?”

“काढणार नाही.”

झाव्यालोवना राग आला नाही, त्यांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी चष्मा परत घातला. “तुम्ही नदीवरची लढाई काढलीत. एक बायको काढलीत. चार मिनिटं काढायला काय होतंय?”

“लढाई तुमची होती,” क्लिमेंती लुकिच म्हणाले. “हे बूट माझे आहेत.”

दुसऱ्या दिवशी हुकूम निघाला, की शेवटचं रीळ दिग्दर्शकाशिवाय कापावं. पण हुकूम तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर यायला आमच्याकडे दोन दिवस लागतात. तेवढ्यात क्लिमेंती लुकिच रंगपटात आले, कोटाच्या आत चपटा गोल डबा, चेहरा चोरी करताना सापडलेल्या शाळामास्तरासारखा.

“रिम्मा, तुझ्याकडे कोणी कधीच उघडत नाही अशी पेटी आहे?”

“पाद्र्यांची. सफेद दाढ्यांची.”

“का उघडत नाहीत?”

“पाद्री तुम्हीच काढून टाकता ना.”

ते हसले. डबा सफेद दाढ्यांखाली गेला, वर डांबराच्या गोळ्या. चौकशी झाली, कपाटं तपासली, माझी पेटीही उघडली. तपासणाऱ्याने वरच्या दाढ्या उचलल्या, शिंकला, आणि बंद केली. शेवटचं रीळ नाही म्हणजे झार मरत नाही. झार मरत नाही म्हणजे चित्रपट संपत नाही. न संपणारा चित्रपट दाखवणार कसा? बाकीची रिळं कोठारात टाकली आणि क्लिमेंती लुकिचना शैक्षणिक विभागात.

पुढली तेरा वर्षं त्यांनी दात कसे घासावेत, मधमाश्या हिवाळ्यात कशा जपाव्यात, इस्त्री चालू ठेवून बाहेर का जाऊ नये, असे चित्रपट काढले. दातांचा चित्रपट देशभर शाळांतून, कारखान्यांतून दाखवला गेला. झारच्या चित्रपटांपेक्षा तो कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. त्यांनी मला दातांच्या डॉक्टरला दाढी लावायला बोलावलं होतं.

“डॉक्टरला दाढी कशाला?” मी विचारलं.

“सवय झालीय गं. नुसती हनुवटी बघितली की मला माणूस नागडा वाटतो.”

कडवटपणा त्यांच्यात नव्हता. नोन्ना मात्र चिडायची. ती शाळेत भूमिती शिकवायची आणि कोणालाही घाबरायची नाही. “चार मिनिटांसाठी!” ती म्हणायची. “लोक बाईसाठी आयुष्य बरबाद करतात, दारूसाठी करतात. माझा नवरा बुटांसाठी!” आणि मग त्यांच्या ताटात आणखी एक कटलेट वाढायची.

सत्त्याऐंशी साली वारं फिरलं. कोठारांची कुलपं उघडली, दडपलेले चित्रपट बाहेर यायला लागले. एक दिवस मी डबा सफेद दाढ्यांखालून काढला, पुसला, आणि तिसऱ्या मजल्यावर नेऊन टेबलावर ठेवला. डांबराच्या गोळ्यांचा वास अख्ख्या मजल्यावर पसरला. तिथले लोक माझ्याकडे असे बघत होते, जसं काही मी तेरा वर्षं बॉम्ब सांभाळलाय.

पहिला खेळ कलावंतांच्या क्लबात झाला. लोक पायऱ्यांवर बसले, खिडक्यांत बसले. भाषणं झाली. सगळ्यात लांब भाषण कोणी केलं? कॉम्रेड झाव्यालोवनी. आपण त्या काळी या कलाकृतीसाठी आतून कसे झगडलो, ते त्यांनी सांगितलं. सांगताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. नोन्ना माझ्या कानात म्हणाली, “याला इथेच लोळवलं तर मला किती वर्षांची शिक्षा होईल?”

दिवे गेले. आणि आता मी खरं ते सांगते. चित्रपट भयंकर कंटाळवाणा होता. सरदारांची पहिली सभा वीस मिनिटं चालली. कोणीतरी नकाशा उलगडला, कोणीतरी गुंडाळला. माझ्याच दाढ्या, पण मलाही त्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखेनात. दुसऱ्या सभेत माझा डोळा लागला. जागी झाले ती अवतीभवतीच्या शांततेने. पडद्यावर आर्तेमी थंड फरशीवर पाय टेकून बसला होता. एक जण हसला. मग कोणी हसलं नाही. चार मिनिटं त्या गच्च भरलेल्या हॉलमध्ये कोणी खुर्चीतसुद्धा हललं नाही.

टाळ्या दहा मिनिटं वाजल्या. समीक्षकांनी लिहिलं, महाकाव्य. एकाने सरदारांच्या सभांची ‘धाडसी संथ लय’ नावाजली. तो माझ्या पुढच्याच रांगेत होता आणि माझ्याआधी झोपला होता.

आम्ही तिघं पायी घरी निघालो. कालव्याच्या काठाने बर्फाचा चिखल तुडवत.

“रिम्मा, खरं सांग. कंटाळवाणा आहे ना?”

“नाही हो, क्लिमेंती लुकिच. काही काही ठिकाणी जरा—”

“घोरत होतीस तू.”

“मी? नोन्ना मार्कोव्हना, मी घोरत होते?”

“होतीस,” नोन्ना म्हणाली. “मी तुला दोनदा ढोसलं. मग मीही झोपले.”

ते रस्त्यात थांबले. मला वाटलं, दुखावले. पण चेहरा बघितला तर तेरा वर्षांत पहिल्यांदा भूक लागल्यासारखा. “चार मिनिटांसाठी मी भांडलो,” ते म्हणाले, “आणि हे लोक मला एकशे चाळीस मिनिटांसाठी हार घालतायत. बाकीचं तर मी झाव्यालोवला आवडावं म्हणून केलं होतं! त्या सभा! त्याला आवडल्यासुद्धा!”

दुसऱ्या सकाळी ते स्टुडिओच्या संचालकांकडे गेले आणि म्हणाले, मला हा चित्रपट कापायचाय. संचालकांना आधी वाटलं थट्टा आहे. मग ते घाबरले. चित्रपट परदेशी महोत्सवाला निघाला होता, बातम्या छापून आल्या होत्या. “वेड लागलंय का? दडपशाहीतून वाचलेली कलाकृती आहे ती! एक फ्रेमही कोणाला कापू देणार नाही.”

“पण मी दिग्दर्शक आहे.”

“तुम्हालासुद्धा नाही. तुम्हाला तर मुळीच नाही.”

बाहेर येऊन ते माझ्या रंगपटात बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आयुष्यभर ज्यांनी काप काप म्हणून सांगितलं, तेच आता कापू देत नव्हते.

मग आम्ही पुन्हा चोरी केली. या वेळी रीळ नव्हे, तर खेळासाठी वापरून ओरखडे पडलेली एक अख्खी प्रत. शैक्षणिक विभागात कापायचं एक टेबल रिकामं होतं. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत आम्ही बसायचो. ते तुकडा दिव्यासमोर धरायचे, मी कात्री धरायचे. कात्री चालवायला माझा हात वळलेला होता, दाढ्या काय, फिल्म काय. पहिली सभा गेली. दुसरी गेली. परदेशी राजदूत गेला, शिकार गेली, लग्नाची मिरवणूक गेली. जाताना प्रत्येकाला ते ‘या आता’ म्हणायचे. महिन्याभराने उरली सत्तेचाळीस मिनिटं: एक तरुण माणूस आजारी पडतो, बरा होईन म्हणतो, होत नाही, आणि त्याला बूट सापडत नाहीत. बास.

दाखवायचं कुठे? शहरात तर शक्यच नव्हतं. शंभर किलोमीटरवर दलदलीच्या प्रदेशात जळणाची काळी माती कापणाऱ्या कामगारांची एक वसाहत होती. तिथल्या क्लबाची व्यवस्थापक, ताइसिया नावाची धिप्पाड बाई, दातांच्या चित्रपटापासून क्लिमेंती लुकिचना पत्रं लिहायची. ती म्हणाली, रविवारी या, दुपारी चारला, पण पाचपर्यंत आटपा, नंतर अकॉर्डियनवाला येतो.

साठेक माणसं आली. बहुतेक म्हाताऱ्या, डोक्याला रुमाल, हातात सूर्यफुलाच्या बियांची पुडकी. रीळ सुरू झालं. बिया फोडल्याचा आवाज चालू होता. क्लिमेंती लुकिच मागे भिंतीला टेकून उभे, हाताची घडी इतकी आवळलेली की बोटं पांढरी.

आर्तेमीने विचारलं, “माझे बूट कुठे आहेत?” सरदार वाकले. आणि तिसऱ्या रांगेतून एक म्हातारी खणखणीत आवाजात म्हणाली, “चुलीवर असतील की! वाळत टाकले असतील!”

“गप गं, झार आहे तो,” शेजारीण म्हणाली. “झारच्या चुलीवर कोण बूट टाकेल?”

“झार असला म्हणून काय, ओले बूट घालेल?”

“अगं, नाहीयेतच बूट,” तिसरी म्हणाली. “बघ ना त्यांच्याकडे. त्यांना माहितीय. उगीच शोधतायत.”

मग कोणी बोललं नाही. बियांचा आवाजही थांबला. आर्तेमी कुशीवर वळला, पाय पोटाशी घेतले, आणि पडदा पांढरा झाला. टाळ्या नाहीत. एका म्हातारीने नाक पुसलं. दुसरी उठून मागे आली आणि क्लिमेंती लुकिचच्या समोर उभी राहिली.

“तुमचा आहे का हा सिनेमा?”

“हो, आजी.”

“आमच्या फेद्याने टोपी मागितली होती. लाकडाच्या वखारीत हात गेला त्याचा, मग ताप चढला. टोपी मागत होता. आम्हीही शोधली.” तिने त्यांच्या दंडावर थोपटलं, जसं घोड्याला थोपटतात. “बरं केलंत.”

आणि अकॉर्डियनवाला आला.

घोड्याला थोपटण्यावरून आठवलं: क्लिमेंती लुकिच घोड्यांना भयंकर घाबरायचे, हे मी अजून सांगितलंच नाही. वीस वर्षं घोडदळं पळवली, पण कॅमेऱ्याच्या मागूनच, आणि मध्ये किमान दोन ट्रक ठेवून. नव्वदच्या दशकात स्टुडिओचे मंच फर्निचरच्या गोदामांना दिले गेले, मी निवृत्त झाले, आर्तेमी टीव्हीवर झारच्या पोशाखात गोठवलेले मांसाचे मोमो विकायला लागला, आणि क्लिमेंती लुकिच गावाबाहेरच्या बागेत आंबट बोरांची झुडपं लावत बसले. मग दोन हजार एक साली एका वाहिनीने त्यांना ऐतिहासिक मालिकेसाठी बोलावलं. ते एक भाग करून परत आले आणि मला फोन केला.

“रिम्मा! घोडे कॉम्प्युटरवर काढतात आता! तीन हजार घोडे, आणि एकही जवळ येत नाही! कुठे होते हे लोक इतकी वर्षं?”

“मग आणखी भाग करणार?”

“छे. बाकी सगळं सरदारांच्या सभा आहेत.”

दोन वर्षांनी, सप्टेंबरमध्ये, ते बागेतल्या बाकावर बसल्या बसल्या गेले. नोन्नाला वाटलं डुलकी लागलीय, तिने खांद्यावर स्वेटर टाकला. रुग्णालयाच्या तळघरात चेहरा नीट करायला नोन्नाने मलाच बोलावलं. मी पावडर काढली, गाल भरले, केस मागे विंचरले.

“जरा रुबाबदार कर,” नोन्ना म्हणाली. “टीव्हीवाले येणार आहेत.”

“नोन्ना मार्कोव्हना, रुबाबदार करायला मला दाढी लागेल.”

तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे, आणि आम्ही दोघी अशा हसायला लागलो की तिथला माणूस धावत आला आणि म्हणाला, बायांनो, जागा बघा कुठली आहे. नोन्ना डोळे पुसत म्हणाली, “राहू दे. आहे तसाच असू दे.”

वर्तमानपत्रांनी लिहिलं की एक युग संपलं. एकाने फोटो छापला तो आर्तेमीचा, झारच्या वेशातला, आणि खाली नाव क्लिमेंती लुकिचचं. महोत्सवांतून अजून एकशे चाळीस मिनिटंच दाखवतात. सत्तेचाळीस मिनिटांची प्रत ताइसियाच्या क्लबात होती. क्लबाचं छप्पर गळायला लागल्यावर ती प्रत माझ्याकडे आली. मशीन नाही, त्यामुळे मी ती बघू शकत नाही, पण आहे.

आमच्याकडे माणूस गेल्यावर नवव्या आणि चाळिसाव्या दिवशी जेवण असतं. चाळिसाव्याला नोन्नाच्या दोन खोल्यांत तीस माणसं मावली. घावन, हेरिंग मासा, बटाटे, आणि बाटल्या. आर्तेमी आता अडुसष्टचा, भुवया परत वाढून पांढऱ्या झालेल्या. सगळ्यांनी त्याला बोलायला उठवलं. तो ग्लास घेऊन उभा राहिला, छाती भरून घेतली, घुमटातला आवाज लावला, “बंधूंनो!”, आणि पुढचं सुचेना. खोली वाट बघत होती.

“बस, आर्तेमी,” नोन्ना म्हणाली. “बटाटे गार होतायत.”

तो बसला. मग आम्ही जेवलो.